ग्वाल्हेरच्या लष्कर भागातला दगडी वाडा गार कसा करायचा: आधी पाणी, मग गच्ची, एसी सगळ्यात शेवटी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. ग्वाल्हेरला लष्करमध्ये, जनकगंजच्या बाजूला आजोबांच्या वेळचा दुमजली वाडा आहे, शंभरेक वर्षांचा. भिंती दोन फुटी दगडाच्या, छत गर्डर आणि पटियांचं, म्हणजे लांब दगडी लाद्यांचं, मधे चौक. खालच्या खोल्या मे महिन्यातही सोसवतात, पण माडीवर रात्री एक-दोनपर्यंत डोळा लागत नाही. चार एसी लावले, बिल वाढलं, उकाडा काही गेला नाही. जानेवारीत उलट सगळं घर गारठतं. ठेकेदाराने चार गोष्टी सुचवल्या आहेत: गच्चीवर सिमेंट काँक्रीटचा नवा थर, आतून पीओपीची फॉल्स सीलिंग, भिंतींना सिमेंटचा गिलावा आणि चौकावर पॉलिकार्बोनेटचं छप्पर. करावं का?

चारही करू नका. त्यातली एकही उकाडा कमी करणार नाही, आणि पहिल्या तीन वाड्याचं आयुष्य कमी करतील.

आधी वाडा तापतो कसा ते समजून घ्या, म्हणजे पैसे कुठे घालायचे ते आपोआप कळेल. ६० सेमी जाडीच्या वालुकाश्माच्या भिंतीतून बाहेरचं ऊन आत पोचायला बारा ते चौदा तास लागतात, आणि पोचेपर्यंत त्याचा जोर जवळजवळ संपलेला असतो. दुपारची झळ आत येते ती पहाटे, तीही नावापुरती. म्हणून तळमजला बरा वाटतो. गच्चीचं तसं नाही. ५ ते ७ सेमी जाडीची पटिया आणि वर जुना कोबा मिळून जेमतेम २० सेमी होतात. तिथे उष्णता चार-पाच तासांत आरपार येते. दुपारी दीड-दोनला गच्चीचा पृष्ठभाग ६० अंशांच्या वर गेलेला असतो, म्हणजे तुमच्या माडीचं छत आतून सर्वांत तापतं ते संध्याकाळी सहा-सातला. नेमकं त्याच वेळी तुम्ही एसी लावता. मग मध्यरात्रीपर्यंत ते दगडी छत वरून शेक देत राहतं. हवा २६ अंशांवर आणली तरी अंगावर पडणारा तो शेक थांबत नाही, म्हणून एसी चालू असूनही घाम येतो.

आकड्यात सांगतो. अशा छताचं यू-मूल्य, म्हणजे त्यातून उष्णता किती वेगाने आरपार जाते त्याचं माप, अंदाजे ३ वॉट प्रति चौरस मीटर प्रति अंश एवढं धरा. ४ बाय ५ मीटरची खोली, म्हणजे २० चौरस मीटर छत, आणि संध्याकाळी आत-बाहेर प्रभावी फरक २५ अंशांचा धरला, तर एकट्या छतातून सुमारे १५०० वॉट उष्णता आत येते. एक टनाचा एसी ३५०० वॉट उष्णता बाहेर टाकतो. म्हणजे जवळजवळ अर्धा टन फक्त छताशी झगडण्यात जातो. त्याच छतावर ५० मिमी चांगलं उष्णतारोधक आणि पांढरा पृष्ठभाग दिला, तर यू-मूल्य ०.५५ च्या आसपास येतं आणि आत येणारी उष्णता दोनशे वॉटच्या आत बसते. ताळा म्हणून सांगतो: नव्या घरांसाठी २०१८ मध्ये आलेल्या इको निवास संहितेत, म्हणजे ऊर्जाबचतीच्या नियमावलीत, छताच्या यू-मूल्याची कमाल मर्यादा १.२ आहे. तुमचं छत आज तिच्या अडीचपट वाईट आहे, आणि भिंतींना हातही न लावता ते तिच्या निम्म्यावर आणता येतं.

पण गच्चीला हात लावायच्या आधी पाणी. ओल्या घराला ऊर्जेचं कुठलंच काम लागू पडत नाही. ओली भिंत कोरड्या भिंतीपेक्षा उष्णता जास्त वाहते, ओल्या भिंतीशेजारी हिवाळ्यात जास्त गारठा वाटतो, आणि ओलीवर काहीही चढवलं की ते दोन पावसाळ्यांत सुटून येतं.

जनकगंज, दौलतगंजच्या जुन्या गल्ल्यांत एक गोष्ट हमखास दिसते: डांबरावर डांबर, काँक्रीटवर काँक्रीट चढत रस्ता वर आला आणि वाड्याचं जोतं त्यात बुडालं. जुनी पायरी अर्धी जमिनीत गेली असेल तर तुमच्याकडेही तेच झालंय. रस्ता खाली नेणं आपल्या हातात नाही. पण आपल्या हद्दीत भिंतीलगत ३० सेमी रुंद आणि ४५ सेमी खोल चर खणून त्यात २० ते ४० मिमी खडी भरता येते, तळाशी छिद्रांचा १०० मिमी पाइप टाकून तो नालीला जोडता येतो. खणताना पायाच्या तळाखाली जाऊ नका. पाया किती खोल आहे ते आधी एका ठिकाणी उघडून बघा. चौकाच्या फरशीला ५० ला १ असा उतार भिंतीपासून दूर द्या. मोरीचं पाणी भिंतीलगत मुरत नाही ना ते तपासा. गच्चीच्या पनाळी भिंतीपासून निदान ४५ सेमी बाहेर पाणी टाकायला हव्यात. पनाळीचं दगडी तोंड तुटलं असेल तर त्याखालच्या भिंतीवर काळपट-हिरवा पट्टा दिसेल. तो पट्टा म्हणजे आत मुरणाऱ्या पाण्याचा नकाशाच.

हे झाल्यावर भिंतीला एक पूर्ण ऋतू वाळू द्या. दोन फुटी भिंत महिन्याभरात वाळत नाही.

आता गच्ची. इथे जरा सविस्तर सांगतो, कारण सगळा फायदा इथे आहे आणि सगळा धोकाही इथेच.

पटियाचं छत मोडताना सूचना देत नाही. लोखंडी सळीचं काँक्रीट वाकतं, चिरतं, इशारा देतं. वालुकाश्माची पटिया ताणाला कच्ची. ती एकदम तुटते. म्हणून पहिलं काम तपासणीचं, आणि ते खालून करायचं. माडीच्या छताचा चुना किंवा रंग खरवडा आणि दिव्याचा उजेड छताला जवळजवळ समांतर धरून तिरपा टाका. सरळ उजेडात न दिसणारी केसाएवढी चीर तिरप्या उजेडात काळी रेघ म्हणून उठून दिसते. पटियाच्या मधोमध, गर्डरला समांतर गेलेली चीर सर्वांत वाईट. मग लाकडी हातोडीने प्रत्येक पटिया वाजवा. चांगला दगड खणखणतो. थर सुटलेला दगड बद्द वाजतो. बद्द वाजणाऱ्या पटियावर खडूने फुली मारा आणि तिच्याखाली त्याच दिवशी टेकू लावा.

नंतर गर्डरची टोकं. गर्डर मधे चकचकीत रंगवलेला दिसतो, पण तो कुजतो भिंतीत शिरतो तिथे. टोकाभोवतीचा गिलावा १५ सेमी फोडून बघा. पापुद्र्यांचा गंज दिसला, वरचा दगड थोडा उचललेला दिसला, तर गंजाने दगड उचललाय. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते. इथे स्ट्रक्चरल इंजिनीअरला बोलवाच, आणि दगडी बांधकामाची ओळख असलेल्यालाच बोलवा. उपाय साधारण असा असतो: गंज तारेच्या ब्रशने लख्ख करून झिंकयुक्त प्रायमर, टोकाखाली नवा बैठक-दगड, आणि लोखंड फार खाल्लं गेलं असेल तर शेजारी नवा गर्डर, निदान १५ सेमी टेकण मिळेल असा. चिरलेल्या पटियाच्या मध्याखाली आडवा चॅनेल घालून वर-खालची फट न आकसणाऱ्या मसाल्याने ठासली तर ती पटिया बदलावी लागत नाही. बदलायचीच असेल तर स्थानिक वालुकाश्मच घ्या, आणि दगडाचे थर छताला समांतर राहतील अशी बसवा. थर उभे ठेवून कापलेली पटिया छताला घालू नये.

फॉल्स सीलिंगला माझा विरोध याचसाठी. ती ही चीर झाकते. गळती झाकते. आणि उकाड्याचं म्हणाल तर दगड तापलेलाच राहतो, फक्त मधे एक पोकळी येते.

वरून काय करायचं ते आता. शंभर वर्षांत दर गळतीला कुणी ना कुणी एक थर चढवलेला असतो: मूळ चुन्याचा कोबा, त्यावर सिमेंटचा कोबा, त्यावर टाइल. थर जास्त असतील तर हेच मिळून २० ते २५ सेमी भरतात, म्हणजे चौरस मीटरला ४०० किलोहून जास्त ओझं. ठेकेदाराचा नवा थर त्याच्यावर जाणार होता. आपल्याला उलट करायचंय, आधी उतरवायचं. एका वेळी एकच खोली घ्या, खाली मध्यावर लाकडी आडव्या पट्टीसह लोखंडी टेकू लावा, आणि छिन्नी-हातोडीने थर काढा. ब्रेकर मशीन लावू नका. तिच्या धक्क्याने शेजारच्या खोलीची पटिया चिरते. मलबा गच्चीवर ढीग घालून ठेवू नका, रोजच्या रोज खाली उतरवा. छतं कोसळतात ती बहुधा याच ढिगाखाली.

पटिया उघड्या झाल्या की सांधे २५ मिमी खोल खरवडून, ब्रशने झाडून, पाणी शिंपडून चुना आणि सुरखीने (विटेच्या भुकटीने) भरा: एक भाग चुना, दोन भाग सुरखी. चुना कळीचा आणून टाकीत विरवलेला, वर पाणी ठेवून निदान पंधरा दिवस मुरलेला असावा. हातात घेतल्यावर तो लोण्यासारखा लागतो. बोटांत चोळून एकही खडा जाणवता कामा नये. न विरलेला खडा नंतर गच्चीत फुलतो आणि रुपयाएवढं टवकं उडवतो. पिशवीतला चुना वापरायचाच असेल तर तो मिस्त्री 'पुताईचा', म्हणजे भिंती रंगवायचा, म्हणतात तो नको. तो बहुतेक वेळा हवेने निम्मा मेलेला असतो.

त्यावर उताराचा कोबा: वरच्याच चुना-सुरखीच्या मसाल्यात अडीच पट वीटखडी, २० ते २५ मिमीची, चांगली भाजलेली आणि रात्रभर भिजवलेली. सरासरी जाडी ७५ मिमी, उतार ६० ला १. थापीने पहिले दोन-तीन दिवस सकाळ-संध्याकाळ ठोकायचा, पुढे आठवडाभर दिवसातून एकदा, थापीचा ठसा उठेनासा होईपर्यंत. नंतर दहा ते पंधरा दिवस ओली पोती. ठोकणं टाळलं की कोबा सच्छिद्र राहतो, आणि मग चुन्याला नावं ठेवली जातात. चूक चुन्याची नसते, मजुरी वाचवण्याची असते.

कठड्याशी जिथे गच्ची मिळते तिथे ७५ मिमीचा गोल वाटा करा, म्हणजे कोपरा मसाल्याने गोलसर भरा. दहातल्या आठ गळत्या या कोपऱ्यातून असतात. जलरोधक पडदा, म्हणजे मेंब्रेन, कोबा पूर्ण वाळल्यावर गच्चीवर घाला आणि कठड्यावर ३० सेमी वर चढवून भिंतीत खाच काढून तिथे अडकवा. नुसता चिकटवून सोडला तर दुसऱ्या उन्हाळ्यात सुटतो. पाणी जायला दर ४० चौरस मीटरला एक १०० मिमीची पनाळ धरा. मग पनाळी बुचवून २५ मिमी पाणी दोन दिवस उभं करा आणि खालून बघा. जास्त पाणी भरू नका. प्रत्येक २५ मिमीला चौरस मीटरमागे २५ किलो वजन येतं.

पाणी अडलं याची खात्री झाल्यावरच उष्णतारोधक. एक्सपीएस या कडक फोमच्या पाट्या घ्या, ३२ ते ३५ किलो घनतेच्या, २५ मिमीचे दोन थर, वरच्या थराचे सांधे खालच्या सांध्यांवर येणार नाहीत असे. थर्मोकोल वापरू नका. तो पाणी पितो आणि दबतो. पाट्या मेंब्रेनच्या वर ठेवल्या की मेंब्रेनही उन्हापासून वाचतो, आणि जानेवारीत छताच्या आत दव धरायची भीती राहत नाही. पाट्यांवर जिओटेक्स्टाइल कापड, त्यावर ४० मिमी जाडीचं स्क्रीड, म्हणजे सिमेंट-वाळूचा सपाट थर, आत कोंबडीजाळी, आणि दर सव्वा ते दीड मीटरवर सांधा. हा सांधा विसरू नका. ग्वाल्हेरला मेच्या दुपारी आणि जानेवारीच्या पहाटे गच्चीच्या तापमानात पन्नास अंशांहून जास्त फरक पडतो, आणि सलग थर कठड्याला ढकलून चीर पाडतो. सर्वांत वर पांढऱ्या चिनीमातीच्या फुटक्या तुकड्यांचं चायना मोझॅक.

वजनाचा हिशेब: कोबा सुमारे १३०, फोम २, स्क्रीड आणि मोझॅक मिळून १००. एकूण २३० ते २४० किलो प्रति चौरस मीटर. म्हणजे तशा जुन्या ओझ्यापेक्षा दीडशे किलोहून हलकं, आणि उष्णता पाचपट कमी. गच्चीवर चार माणसं झोपली तरी चिंता नाही.

एवढा खर्च या वर्षी जमणार नसेल तर निदान पांढरा चुना द्या. चाळलेला चुना, थोडा फेविकॉल, तीन हात, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात. ताजा चुना बरंच ऊन परत पाठवतो. पण इथे मे महिन्यात आंधी, म्हणजे धुळीचं वादळ, येते. एका आंधीनंतर गच्ची तांबूस होते आणि निम्मा परिणाम जातो. म्हणून आंधीनंतर झाडून, बादलीभर पाण्याने धुवा. हा उपाय मोझॅकच्या जागी चालत नाही, पण एका उन्हाळ्यापुरता नक्की जाणवतो.

गच्चीवर पुढच्या काळात बांधलेली साडेचार इंची विटेची खोली असेल, तर ती वाड्याचा भाग समजू नका. तिला भिंतीची जाडी नाही, छत बहुधा पत्र्याचं किंवा पातळ स्लॅबचं. तिथे बाहेरून ५० मिमी फोम लावून वर जाळी आणि गिलावा केला तर चालतो. खालच्या मूळ भिंतींना मात्र ना आतून ना बाहेरून फोम लावायचा. आतून लावला की दगडातला गारव्या-उबेचा साठा खोलीपासून तुटतो. तोच साठा तुम्हाला उन्हाळ्यात गारवा आणि हिवाळ्यात ऊब देत असतो. शिवाय आतल्या फोममागे ओल अडकते, दिसत नाही आणि वास येईपर्यंत कळत नाही.

भिंतींचं बोलायचं तर सिमेंटचा नवा गिलावा नको, आणि जुना कुठे असेल तर तोही काढा. दगड आणि चुन्याची भिंत श्वास घेते असं जुने गवंडी म्हणतात, त्याचा अर्थ साधा आहे: खालून चढलेली ओल चुन्यातून वाफ होऊन निघून जाते. सिमेंटने ती वाट बंद होते. मग ओल आणखी वर चढते, क्षार सिमेंटच्या मागे दगडात साठतात, स्फटिक फुगतात आणि दगडाचा पृष्ठभाग भाकरीच्या पापुद्र्यासारखा सुटतो. सिमेंटचा तुकडा उचकटून मागची बाजू बघा. त्याला दगडाची वाळू चिकटून आलेली दिसेल. ती तुमची भिंत आहे. गिलावा ओलीच्या रेषेच्या निदान अर्धा मीटर वरपर्यंत काढा, क्षारांचा पांढरा लोणा कोरड्या ब्रशने झाडा, धुऊ नका. पाण्याने तो परत आत जातो. एक हंगाम उघडी ठेवा. मग एक भाग चुना, एक भाग सुरखी आणि दोन भाग धुतलेली वाळू असा गिलावा दोन हातांत, मिळून २० मिमी. खालचा मीटरभर गिलावा सात-आठ वर्षांनी परत करावा लागेल असं धरून चाला. क्षार त्याच्यात यावेत आणि दगड वाचावा, हेच त्याचं काम. वर रंग चुन्याचाच. ऑइल पेंट, डिस्टेंपर, वॉटरप्रूफ पेंट यांतलं काही नको.

खिडक्यांकडे वळताना एक नियम धरा: ऊन काचेच्या आत आलं की मग पडदा काही कामाचा नाही. अडवायचं ते बाहेर. जुन्या वाड्यांत बाहेर झिलमिलीची (तिरप्या लाकडी पट्ट्यांची) दारं आणि आत तावदानं अशी दुहेरी रचना असते; ती काढून ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या लावल्या की उकाडा विकत घेतला. झिलमिलीच्या पट्ट्या बहुधा सागवानी असतात, बिजागऱ्या आणि खालची दोन-तीन पाती बदलून त्या परत चालतात. चौकटीत पेचकस टोचून बघा: दोन मिमीपेक्षा जास्त शिरला तर तेवढा तुकडा कापून नवं सागवान जोडा. पूर्ण चौकट काढू नका, भिंतीचा चुना तिच्याबरोबर सुटतो. आतल्या तावदानांना ब्रशची किंवा रबराची पट्टी लावा. हिवाळ्यातला निम्मा गारठा या फटींतून येतो. दुहेरी काच, ६-१२-६ मिमीची, चौरस मीटरला ३० किलो भरते आणि जुन्या चौकटीला ती झेपत नाही. रस्त्याचा आवाज असेल तर ती नवीन आतल्या चौकटीत घ्या, नाहीतर सोडा.

दक्षिणेच्या खिडकीचं गणित ग्वाल्हेरला छान जमतं. २१ जूनला दुपारी सूर्य ८७ अंशांवर असतो, अर्धा मीटर छज्जा पूर्ण खिडकीला सावली देतो. २१ डिसेंबरला तो ४० अंशांवर असतो, आणि जमिनीपासून २.१ मीटरवर वरची कड असलेल्या खिडकीतून ऊन अडीच मीटर आत फरशीवर पडतं. म्हणून दक्षिणेची खिडकी हिवाळ्यात दिवसभर उघडी ठेवा, जाड गालिचा उचला आणि दगडाला ऊन खाऊ द्या. पश्चिमेच्या खिडकीला मात्र छज्जा कितीही मोठा केला तरी व्यर्थ. चार वाजताचं ऊन आडवं येतं. तिथे बाहेरून वाळ्याची किंवा बांबूची ताटी, खिडकीपासून १५ सेमी पुढे, म्हणजे मधून हवा वर निघते. वाळ्यावर संध्याकाळी पाणी मारलं तर मे महिन्यात येणारी झुळूक गार होऊन येते.

चौक झाकू नका. पॉलिकार्बोनेटखाली चौकाचं काचघर होतं. वरची गरम हवा निघायला वाट उरत नाही आणि ती माडीच्या दारांतून आत शिरते. उन्हाळ्यात सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा चौकावर पांढरं जाड कापड ताणा, दोरी आणि कड्यांवर सरकणारं. रात्री पूर्ण उघडा. आकाश निरभ्र असलं की चौकाची फरशी रात्रभर उष्णता वर सोडते. पक्षी आणि माकडांचा त्रास असेल तर जाळी घाला, छप्पर नको.

रात्रीची हवा खेळवणं म्हणजे सगळी दारं सरसकट उघडी टाकणं नव्हे. दोन साधे थर्मामीटर घ्या, एक माडीत, एक चौकात सावलीत. बाहेरचा आकडा आतल्यापेक्षा दोन अंशांनी खाली आला की उघडा, वर जायला लागला की बंद. एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये याने एसीची गरजच पडत नाही. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात बाहेर मध्यरात्रीही ३३-३४ असतं. तेव्हा याचा फायदा फक्त पहाटे दोन तास. तेवढ्यावर समाधान मानावं लागतं.

आता यंत्रं. पंखे आधी: जुना पंखा ७५ वॉट खातो, कमी वीज खाणाऱ्या बीएलडीसी मोटरचा ३० च्या आसपास. तुमच्या चौदा फुटी खोल्यांत दांडा लांब घेऊन पाती जमिनीपासून २.५ मीटरवर आणा. छताला टेकलेला पंखा छताजवळचीच गरम हवा ढवळतो. दांडा पटियात भोक पाडून अडकवू नका, गर्डरला क्लॅम्प करा.

मे-जूनला डेझर्ट कूलर एसीपेक्षा शहाणा. ४३ अंश आणि २० टक्के आर्द्रता असताना चांगल्या जाळीचा कूलर २८-२९ अंशांची हवा देतो, दोनशे-अडीचशे वॉटमध्ये. पण ती हवा बाहेर जायला समोरची खिडकी उघडी हवी, नाहीतर खोली दमट होते. पाणीही मोजा: मोठा कूलर दुपारी तासाला वीस लिटर पितो. तिघरा धरणाचं नळाचं पाणी पाळीपाळीने येत असेल तेव्हा बोअरचं जड पाणी घालावं लागतं, आणि त्याने जाळीवर पांढरा थर बसतो. टाकी दर तीन दिवसांनी रिकामी करून भरा, नुसती वर पाणी घालत राहू नका. पावसाळा लागला की कूलर बंद. ऑगस्टच्या ३३ अंशांत तो फक्त घाम वाढवतो. एसी लागतो तो खरा तेव्हाच, जुलै ते सप्टेंबर, आणि तोही झोपायच्या दोन खोल्यांत. गच्चीचं काम झाल्यावर तिथे एक टनाचा पंचतारांकित इन्व्हर्टर पुरतो. २६ वर ठेवा, पंखा चालू. चारांतले दोन एसी मग विकून टाका.

सौर पॅनेल गच्चीला शोभतं, आणि त्याची सावलीही कामाची. १ किलोवॅटला ८ ते १० चौरस मीटर मोकळी जागा, दिवसाला सरासरी ४ युनिट. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत २ किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे ३०,००० रुपये आणि ३ किलोवॅट किंवा जास्तीला ७८,००० रुपये अनुदान ठरलेलं आहे. बसवणाऱ्यांची खोड अशी की ते स्लॅब समजून छतात खुंट्या ठोकतात. तुमच्याकडे तसं केलं तर पटिया फुटेल आणि नवा मेंब्रेनही. पॅनेलचे खांब फक्त जाड भिंतींच्या डोक्यावर, भिंतीपासून भिंतीपर्यंत चॅनेल टाकून, आणि आंधीचा वरचा ओढा धरून. गरम पाण्याची २०० लिटरची सौर टाकी भरल्यावर तीनशे किलोच्या घरात जाते, तीही भिंतीवरच. पाण्याच्या साठवण टाकीचंही तेच.

माडीवर नवं न्हाणीघर करायचं असेल तर ते खालच्या न्हाणीघराच्या बरोबर वर करा आणि नळ्या उघड्या ठेवा. फरशी उंच करून त्यात विटांचे तुकडे भरू नका: २० सेमी भरावाला चौरस मीटरमागे तीनशे किलोहून जास्त ओझं, आणि गळती कळायला वर्ष लागतं. वायरिंगही दगडात खाचा न पाडता कंगोऱ्याच्या रेषेत उघड्या नळीतून न्या.

परवानगीचं थोडक्यात: वाडा केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत असेल तर दुरुस्तीलाही परवानगी लागते, त्यापुढच्या २०० मीटरलाही नियम आहेत. जनकगंजला हा प्रश्न बहुधा येणार नाही, पण नगर निगममध्ये नकाशावर एकदा बघून घ्या.

कामाचा क्रम हवामान ठरवतं. सप्टेंबरअखेर पाऊस संपला की चर, नाली आणि पनाळी. ऑक्टोबर-नोव्हेंबर गच्चीची उतरवणी, पटिया-गर्डरची दुरुस्ती आणि कोबा. चुन्याला हाच काळ सर्वांत चांगला. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेर चुन्याचं बाहेरचं काम थांबवा, पहाटेच्या थंडीत तो धरत नाही. तेवढ्यात खिडक्या सुताराकडे द्या. फेब्रुवारी-मार्च मेंब्रेन, पाण्याची चाचणी, फोम, मोझॅक. एप्रिलनंतर उघड्यावर चुना लावायचा नाही, ऊन त्यातलं पाणी ओढून घेतं आणि त्याची भुकटी होते. भिंतींचा गिलावा पुढच्या ऑक्टोबरला, कारण त्या तोवर वाळायच्या आहेत. आणि दरवर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात एकदा वर जाऊन पनाळींतली पिंपळाची रोपं मुळासकट काढा, तोडू नका. तोडलेलं मूळ भिंतीत आणखी जाड होतं.